हिशोब मिळाला नाही? अर्ज लिहा, पोच घ्या

पगार थकला की आपला माणूस आधी वाट पाहतो. पहिला महिना मालकाची अडचण समजून घेण्यात जातो, दुसरा ठेकेदाराच्या 'पुढच्या सोमवारी नक्की' यात. तिसऱ्या महिन्यात फोन उचलले जात नाहीत आणि गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही. मग कोणीतरी सांगतं, 'लेबर ऑफिसला जा.' तोवर हजेरीचं कार्ड जमा झालेलं असतं, पगाराची स्लिप कधी मिळालेलीच नसते, आणि साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून तोंडी गाऱ्हाणं सांगण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

कामगार खात्याकडे कायद्याने दिलेले अधिकार बरेच आहेत. पण हे खातं कागदावर चालतं. तोंडी तक्रारीला आवक क्रमांक पडत नाही, आणि आवक क्रमांक नसलेली तक्रार सरकारच्या दृष्टीने झालेलीच नसते. म्हणून कामगाराने कोणते कागद जपावेत, अर्ज कसा लिहावा आणि तो कोणत्या दारात न्यावा, एवढंच इथे सांगायचं आहे. कलमं पाठ करायची गरज नाही. चार-पाच मुदती मात्र लक्षात ठेवाव्यातच.

दार कोणतं?

'लेबर ऑफिस' म्हणताना लोकांच्या मनात एकच कचेरी असते. प्रत्यक्षात दारं अनेक आहेत, आणि चुकीच्या दारात गेलेला अर्ज आठवडेच्या आठवडे टेबलावर पडून राहतो.

थकलेला पगार, कमी मजुरी, बोनस, ग्रॅच्युइटी, कामावरून काढणं, ठेकेदाराने बुडवलेले पैसे यांसाठी राज्याच्या कामगार आयुक्तालयाकडे जायचं. त्याचं मुख्य कार्यालय मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे, पण त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी उपायुक्त, सहायक कामगार आयुक्त किंवा सरकारी कामगार अधिकारी बसतात. अर्ज द्यायचा तो कामाचं ठिकाण ज्या जिल्ह्यात आहे तिथे. लातूरहून चाकणला आलेल्या मुलाने दिवाळीला गावी जाऊन लातूरच्या कार्यालयात अर्ज टाकला, तर त्याला पुण्याकडेच बोट दाखवलं जाईल.

कारखान्यातल्या यंत्राला गार्ड नाही, रसायनाच्या वाफा कोंडतात, शिफ्ट बारा तासांची चालते, अशा तक्रारी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जातात. हेसुद्धा कामगार विभागाचंच अंग आहे, फक्त कचेरी वेगळी. भविष्य निर्वाह निधीचं कार्यालय आणि कर्मचारी राज्य विमा महामंडळ, म्हणजे ईएसआय, या केंद्राच्या स्वतंत्र संस्था आहेत. रेल्वे, बँका, विमा कंपन्या, खाणी, मोठी बंदरं, तेल कंपन्या यांच्याकडे तुम्ही असाल, अगदी त्यांच्या ठेकेदाराकडे झाडूकामाला असाल तरी, दार केंद्राच्या मुख्य कामगार आयुक्तांचं. त्यांची कार्यालयं मुंबई, पुणे, नागपूर इथे आहेत आणि 'समाधान' या त्यांच्या पोर्टलवर तक्रार घरबसल्या नोंदवता येते. बँकेच्या एटीएमवर उभा राहणारा सुरक्षारक्षक राज्याच्या कार्यालयात हेलपाटे घालत राहतो, त्याचं कारण हेच. त्याला हा फरक कोणी सांगितलेला नसतो.

आणि नोकरी लावून देणं हे कामगार आयुक्तांचं काम नाही. त्यासाठी राज्याचा कौशल्य व रोजगार विभाग आहे. त्याचं 'महास्वयं' पोर्टल आणि केंद्राचं 'नॅशनल करिअर सर्व्हिस' या दोन्हींवरची नोंदणी फुकट होते. नाव नोंदवण्यासाठी पैसे मागणारा माणूस सरकारी नव्हे.

कायदा बदलला आहे, घाबरू नका

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा. केंद्राचे २९ जुने कायदे त्यांत सामावले गेले. संघटनांचे या संहितांवर गंभीर आक्षेप आहेत, विशेषतः कामगार कपातीच्या आणि संपाच्या तरतुदींवर, आणि मला ते योग्य वाटतात. पण पगाराचा दावा करणाऱ्या साध्या कामगाराच्या हाती वेतन संहितेने काही चांगली हत्यारंही दिली आहेत, आणि ती वापरलीच पाहिजेत.

महिन्याच्या पगारावर असाल तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार मिळायला हवा. काम सोडलं, काढलं किंवा कंपनी बंद पडली, तर राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. 'हिशोब दोन महिन्यांनी मिळेल, एचआरची प्रोसेस आहे' हे उत्तर आता कायद्याला धरून नाही. पगाराचा दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. पूर्वी वेतन अदायगी कायद्यात ती एक वर्षाची होती आणि किमान वेतनाच्या दाव्याला जेमतेम सहा महिन्यांची. दावा मंजूर झाला तर थकलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. आणि पैसे दिले होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे, ते मिळाले नाहीत हे सिद्ध करण्याची तुमच्यावर नाही. ही शेवटची ओळ कामगारांनी सुनावणीत शांतपणे, पण स्पष्ट बोलून दाखवावी.

निरीक्षकाचं नाव आता 'निरीक्षक तथा सुविधाकार' झालं आहे आणि कुठे तपासणी करायची ते बऱ्याच अंशी संगणक ठरवतो. अधिकारी अचानक कंपनीत येईल आणि आपलं दुःख पाहील, ही आशा त्यामुळे आणखी अंधुक झाली. याला उत्तर एकच, लेखी तक्रार.

कामाला लागल्या दिवसापासूनचे कागद

कागद भांडण झाल्यावर गोळा करायचे नसतात. भांडण झाल्यावर ते मिळतच नाहीत.

नियुक्तिपत्र मागा. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत ते देणं मालकाला बंधनकारक आहे. पगाराची स्लिप हा तर तुमचा हक्कच आहे. दोन्ही मिळत नसतील तर मोबाइल हातात आहे. हजेरी कार्डाचा दर महिनाअखेरीस फोटो काढा. गेटपास, ओळखपत्र, कंपनीचा शिक्का असलेलं चलन, सुपरवायझरने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं शिफ्टचं वेळापत्रक, 'उद्या संडे ओटी आहे, सगळ्यांनी या' हा मेसेज, बँकेच्या पासबुकातली पगाराची नोंद, हे सगळे पुरावे आहेत. फोन हरवतो किंवा बिघडतो, म्हणून ते फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. पगार रोख मिळत असेल तर घरच्या वहीत तारीख, रक्कम आणि देणाऱ्याचं नाव लिहा. दोन वर्षं सलग, एकाच हाताने, वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेली अशी वही सुनावणीत बरंच वजन मिळवते.

ठेक्यावर असाल तर आणखी एक काम करा. ठेकेदाराचं पूर्ण नाव, त्याच्या फर्मचं नाव आणि तुम्ही ज्या कंपनीत प्रत्यक्ष राबता तिचं नाव, तिन्ही लिहून ठेवा. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे तत्त्व होतं आणि नव्या संहितेतही ते कायम आहे. ठेकेदार पळून गेला म्हणून पैसे बुडाले, असं समजून अनेक जण गप्प बसतात. कंपनी तर जागेवरच असते. अर्जात तिलाही प्रतिवादी करा.

भविष्य निर्वाह निधीचा युएएन क्रमांक पहिल्याच महिन्यात घ्या आणि तीन महिन्यांतून एकदा पासबुक पाहा. कापलेली रक्कम मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पगारातून कापून ती भरलीच नाही तर तो नुसता उशीर राहत नाही, फौजदारी गुन्हा होतो. ईएसआयचं कार्डही तसंच. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्याला ते लागू होतं. त्यात कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. घरात आजारपण आलं की या कार्डाची किंमत कळते.

कोऱ्या कागदावर सही करू नका, मग तो कितीही घाईत समोर ठेवलेला असो. छापील राजीनामाही असाच कामावर घेताना भरून घेतला जातो. सही करावीच लागली तर सहीखाली त्या दिवसाची तारीख स्वतःच्या हाताने लिहा. तारीख पडली की तो कागद पुढे मनाप्रमाणे वापरणं अवघड होतं.

अर्ज असा लिहावा

मोठं भाषण नको, शिवीगाळ नको. कोण, कुठे, कधीपासून, किती, आणि काय हवं, एवढं पुरे. एक नमुना देतो. नावं आणि आकडे बदलून तो वापरता येईल.

'प्रति, मा. सहायक कामगार आयुक्त. विषय: थकीत वेतन व जादा कामाचा मोबदला मिळणेबाबत. महोदय, मी खाली सही करणार, अमुक औद्योगिक वसाहतीतील अमुक कंपनीत अमुक ठेकेदारामार्फत पॅकिंग विभागात अमुक तारखेपासून काम करत होते. माझा दर ८ तासांना ५५० रुपये होता. ऑक्टोबरमधील २६ व नोव्हेंबरमधील १४ अशा ४० दिवसांचे वेतन २२,००० रुपये मला मिळालेले नाही. याच काळात मी ३० तास जादा काम केले. त्याचा दुप्पट दराने मोबदला ४,१२५ रुपये होतो. एकूण २६,१२५ रुपये ठेकेदार व मूळ मालक यांच्याकडून नियमानुसार भरपाईसह मिळावेत, ही विनंती. सोबत हजेरी कार्डाचे फोटो, बँक पासबुकाची प्रत व ओळखपत्राची प्रत जोडली आहे.' खाली सही, पत्ता, मोबाइल, तारीख.

जादा कामाचं गणित बघा. ५५० ला आठने भागलं की तासाला ६८ रुपये ७५ पैसे, दुप्पट केले की १३७ रुपये ५० पैसे, आणि ३० तासांचे ४,१२५. हे गणित अर्जातच मांडा. रक्कम मांडली असली की सुनावणीत चर्चा त्या रकमेवर होते, नाहीतर 'बघू, काहीतरी देऊ' यावर. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा भारतात १९४६ च्या कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने आली. त्यामागे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात कामगार खातं सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्याच्या कितीतरी आधी, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळवून दिली होती. सुट्टीच्या दिवशी फुकट राबवून घेणाऱ्या सुपरवायझरला हा इतिहास माहीत नसेल. कामगाराला तो माहीत असावा.

आणखी एक तपासणी करा. मिळणारा दर किमान वेतनापेक्षा कमी तर नाही? महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगाप्रमाणे, परिमंडळाप्रमाणे आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गाप्रमाणे ठरतं. त्यावर विशेष भत्ता जोडला जातो आणि तो जानेवारी व जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. तुमच्या उद्योगाचा चालू दर कार्यालयात विचारा. तो सांगणं त्यांचं कामच आहे. दर कमी निघाला तर मागच्या काळातला फरकही त्याच अर्जात मागा.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक आवक-जावक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. हीच पोच. कारकून म्हणेल, 'ठेवून जा, साहेब आले की बघतील.' ठेवून जाऊ नका. शिक्का मिळेपर्यंत बाकावर बसा. तो मिळाला नाही, तर त्याच दिवशी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. दहा जणांचा पगार थकला असेल तर दहा अर्ज करायची गरज नाही. कितीही कामगारांचा एकत्र दावा वेतन संहितेत चालतो, आणि नोंदणीकृत संघटना आपल्या सभासदासाठीही अर्ज करू शकते. एकट्याने गेलं तर मालक घरी माणूस पाठवतो. दहा जण मिळून गेले तर त्याला कार्यालयातच यावं लागतं.

सुनावणीच्या दिवशी

मालकाला नोटीस जाते आणि तारीख पडते. पहिल्या तारखेला मालक बहुधा येतच नाही. त्या दिवशी निराश होऊन परत फिरू नका. तुम्ही हजर होता आणि समोरचा गैरहजर होता, ही नोंद रोजनाम्यात करून घ्या, खाली सही करा आणि पुढची तारीख लिहून घ्या. मालकाची तारखेमागून तारखेची गैरहजेरी कागदावर आली की एकतर्फी आदेशाचा मार्ग मोकळा होतो.

दुसऱ्या तारखेला कंपनीचा माणूस किंवा सल्लागार येतो. तो सहसा म्हणतो, 'हा आमच्याकडे कामालाच नव्हता.' तेव्हा आवाज चढवायचा नाही. हजेरीचा फोटो, ओटीचा मेसेज, गेटपास असे एकेक कागद टेबलावर ठेवायचे आणि त्यांच्याकडच्या हजेरीपटाची व पगारपत्रकाची मागणी लेखी करायची. या नोंदी ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. बाहेर पडल्यावर जिन्यात कोणी खांद्यावर हात ठेवून 'अर्धे घे आणि मिटव' म्हणेल, त्याला तिथेच उत्तर देऊ नका. जी बोलणी करायची ती साहेबांसमोर, रोजनाम्यात नोंद होऊन. तडजोड करणं वाईट नाही. पोट हातावर असलेल्या माणसाने महिनोन्‌महिने भांडत बसावं, असं सांगण्याचा मला अधिकार नाही. पण तडजोडीचा कागद पूर्ण वाचा. त्यात 'यापुढे माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही' असं वाक्य असतं. त्यावर सही केली की ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचे पैसे यांवरही पाणी सोडलं, असा अर्थ नंतर काढला जातो. ज्या रकमेची तडजोड झाली तेवढीच त्यात लिहून घ्या.

वेतनाच्या दाव्यात प्राधिकारी आदेश देऊ शकतो. मालकाने तो पाळला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला जातो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. अनेक जणांना ही पायरी माहीतच नसते. आदेश हाती पडल्यावर ते घरी जातात आणि आदेश कपाटात पडून राहतो. वसुलीच्या दाखल्यासाठी पुन्हा अर्ज करा आणि त्याचीही पोच घ्या.

कामावरून काढल्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे कामगार अधिकारी न्यायाधीश नसतो, तो समेट अधिकारी असतो. तो दोन्ही बाजूंना बोलावतो, मार्ग काढायचा प्रयत्न करतो, आणि निघाला नाही तर तसा अहवाल देतो. तिथून पुढे प्रकरण न्यायाधिकरणात न्यायचं. अहवाल हाती आल्यापासून ९० दिवसांत तिथे अर्ज करायचा आहे. वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं उलटली तर समेटाची कार्यवाहीच होत नाही. कंपनी परत बोलावेल या आशेवर वर्ष-दीड वर्ष काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. इथे आणखी एक मेख आहे. पगाराच्या दाव्यासाठी मॅनेजरसुद्धा कर्मचारी आहे, पण नोकरीवरून काढल्याचा वाद 'कामगार' या व्याख्येत बसणाराच नेऊ शकतो. देखरेखीचं काम आणि १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन असेल तर तो त्या व्याख्येबाहेर जातो. कागदावरचं पद 'सुपरवायझर' असलं आणि प्रत्यक्षात तुम्ही मशीनच चालवत असाल, तर प्रत्यक्ष कामाचा पुरावा जमवा. निवाडा पदाच्या नावावर होत नाही, प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावर होतो.

'ब्रेक' देण्याची चाल सगळ्या औद्योगिक वसाहतींना ठाऊक आहे. सात महिने काम, मग आठ-दहा दिवस घरी, मग नव्या ठेकेदाराच्या नावावर परत. सलग सेवेचे २४० दिवस भरू नयेत हाच त्यातला हेतू. वर्षानुवर्षं माणसाला तात्पुरतं ठेवून कायम कामगाराच्या हक्कांपासून दूर ठेवणं, ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा मानली आहे आणि त्या कायद्यात तक्रारीला ९० दिवसांची मुदत आहे. अशा प्रकरणात संघटनेचा किंवा वकिलाचा सल्ला लवकर घ्यावा, एकट्याने अर्ज करत बसू नये.

ग्रॅच्युइटी

पाच वर्षं सलग सेवा झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो. कामगाराचा मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट नाही. ठरावीक मुदतीच्या कराराने नेमलेल्यांना नव्या संहितेत एका वर्षानंतरही ती मिळते. हिशोब सोपा आहे. शेवटच्या वेतनाला १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. १८,००० रुपये वेतन आणि १२ वर्षं सेवा असेल तर साधारण १,२४,६१५ रुपये. ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याजासह.

वेतनाची नवी व्याख्या इथे कामी येते. समजा तुम्हाला महिन्याला एकूण २४,००० मिळतात. कंपनीने मूळ पगार ९,००० दाखवला आणि उरलेले १५,००० घरभाडं, प्रवास असे भत्ते म्हणून. आता असे वगळलेले भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. म्हणजे तुमचं वेतन १२,००० धरलं जाईल. दहा वर्षांच्या ग्रॅच्युइटीत ५१,९२३ ऐवजी ६९,२३१ रुपये, एवढा फरक पडतो. निवृत्त होणाऱ्यांनी कंपनीने दिलेला आकडा तसाच न स्वीकारता हे गणित स्वतः करून पाहावं.

अपघात झाला तर

इथे पहिला तास महत्त्वाचा. जखमीला दवाखान्यात नेणारा मुकादम तिथे 'घरी पडला' किंवा 'रस्त्यावर अपघात' असं सांगून टाकतो. केसपेपरवर ते उतरलं की पुढे खोडून काढता काढता कुटुंब थकतं. सोबत असलेल्या सहकाऱ्याने केसपेपरवर 'कामाच्या ठिकाणी, कामावर असताना' असं लिहून घ्यायचंच. हे एक वाक्य एखाद्या घराचं पुढचं आयुष्य ठरवू शकतं. तुम्ही कोणाला फक्त एकच गोष्ट सांगणार असाल तर ही सांगा.

ईएसआय लागू असेल तर उपचार, पगाराऐवजी मिळणारे पैसे आणि अपंगत्वाचं निवृत्तिवेतन तिथून मिळतं. ते लागू नसेल तर नुकसानभरपाई मालकाने द्यायची. मृत्यू झाल्यास ती रक्कम मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करायची असते. दहाव्या-बाराव्याला घरी येऊन पाकिटात दिलेल्या पैशांनी ती जबाबदारी फिटत नाही. दावा दोन वर्षांच्या आत करा. घरातून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, आता यात बसतो.

ज्यांना मालकच दिसत नाही त्यांच्यासाठी

मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा मालक रोज बदलतो. त्याच्यासाठी मंडळं आहेत, आणि महाराष्ट्र याबाबतीत देशाच्या पुढे होता हे अभिमानाने सांगावं. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. त्याची रचना अशी की व्यापारी हमालीचे पैसे आणि त्यावरची लेव्ही मंडळाकडे भरतो आणि मंडळ नोंदीत कामगाराला मजुरी देतं. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना यांची सोय होते. याच धर्तीवर १९८१ मध्ये खासगी सुरक्षारक्षकांसाठी कायदा झाला आणि २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा.

बांधकाम मजुरांसाठीचं मंडळ बांधकामाच्या खर्चावर वसूल होणाऱ्या १ टक्का उपकरातून चालतं. म्हणजे हे पैसे तुमच्याच घामावर जमा झालेले आहेत. १८ ते ६० वयाच्या आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कोणालाही नोंदणी करता येते. ९० दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून, किंवा गावात ग्रामसेवकाकडून आणि शहरात पालिकेकडून घ्यायचा. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपणाची मदत, आजारपण, मृत्यूनंतर कुटुंबाला आधार अशा योजना आहेत, पण नूतनीकरण चुकलं की लाभ थांबतो. त्या तारखेची आठवण मोबाइलमध्ये लावून ठेवा. आणि दलालाला पैसे देऊ नका. नोंदणीचं शुल्क अगदी नाममात्र आहे. अड्ड्यावर फॉर्म भरून द्यायचे हजार-दोन हजार घेणारा माणूस तुमचे दोन दिवसांचे कष्ट खातो. भविष्य निर्वाह निधी किंवा ईएसआय नसलेल्या १६ ते ५९ वयाच्या कामगारांनी ई-श्रम नोंदणीही करून ठेवावी.

कोकणातून आखातात जाणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. एजंट 'ई-मायग्रेट'वर नोंदणीकृत आहे का ते पाहा, आणि नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही हे लक्षात ठेवा. हा विषय परराष्ट्र मंत्रालयाचा आहे, राज्याच्या कामगार कार्यालयाचा नव्हे.

वकील लागतो का?

अर्जाला आणि समेटाच्या बैठकीला लागत नाही. प्रकरण न्यायालयात किंवा न्यायाधिकरणात गेलं तर वकील असलेला बरा. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. तिथे जाताना आधार कार्ड, अर्जाची पोच, रोजनाम्याच्या प्रती आणि हजेरीचे फोटो छापून घेऊन जा. साधा अर्ज भरून दिला की वकिलाचं नाव कळवलं जातं. पहिल्याच भेटीत त्याला तुमच्या दाव्याची मुदत कोणत्या तारखेला संपते ते सांगा.